गाडी ऑईल खाते? इंजिन खोलण्याआधी वही उघडा



आपल्या प्रभागसंघातल्या काही गटांकडे आता स्वतःची गाडी आहे. कुणाची जुनी व्हॅन, कुणाचा छोटा टेम्पो. नवी गाडी परवडत नाही म्हणून आपण वापरलेली घेतो, आणि वापरलेल्या गाडीबरोबर तिची जुनी दुखणी पण येतात. त्यातलं नेहमीचं एक दुखणं म्हणजे गाडी ऑईल खाते. पेट्रोल जळतं ते ठीक, पण इंजिनातलं ऑईलसुद्धा जळून जातं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मग गॅरेजवाले सांगतात, "इंजिनचं काम निघालंय."

हे वाक्य ऐकलं की आपल्या पोटात गोळा येतो. कारण इंजिनचं काम म्हणजे मोठा खर्च, आणि तो खरंच लागतो का हे आपल्याला कळत नाही. म्हणून हा लेख.

आधी आमच्या एका गटाची गोष्ट

वाई तालुक्यातला आपला एक गट मसाला, पापड आणि कडधान्यं व्हॅनमधून पाचगणीला पोचवतो. रोज पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. गाडी लाखाच्या वर किलोमीटर पळालेली. गेल्या पावसाळ्यानंतर ऑईल कमी व्हायला लागलं. गॅरेजमध्ये दाखवली तर मिस्त्रींनी धूर बघितला आणि सांगितलं, "रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल. २८,००० रुपये धरून चाला."

गटाकडे तेव्हा शिल्लक होती ३१,००० रुपये. त्याच बैठकीत एका ताईंनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी १५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं होतं. दोन्ही गोष्टी होणार नव्हत्या. गाडी बंद पडली तर सगळ्यांचा धंदा बंद, म्हणून ठराव गाडीच्या बाजूने चालला होता. खरं सांगते, तो ठराव लिहायला मीच मदत करत होते. मी समाजकार्य शिकले आहे, इंजिन नाही. मिस्त्री सांगतात म्हणजे तसंच असेल, असं मलाही वाटलं.

तेवढ्यात गाडी चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "पण चढाला धूर येतच नाही. घाट उतरून खाली आल्यावर येतो."

या एका वाक्याने ठराव थांबला. त्याचा अर्थ काय, ते पुढे येईल. पण त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. गाडीचं दुखणं सगळ्यात जास्त तिला माहीत असतं जी रोज गाडीत बसते. फक्त ते लिहून ठेवलं पाहिजे.

ऑईल जळतं कुठून?

इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात पिस्टन वर-खाली होतो. सायकलच्या पंपात दांडा वर-खाली होतो तसा. पिस्टनला सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरून ठेवतात. सगळ्यात खालची ऑईलची रिंग असते. सिलिंडरच्या भिंतीला लागलेलं जास्तीचं ऑईल ती निपटून परत खाली पाठवते, जसं आपण पातेल्याच्या कडेचं तूप बोटाने निपटून घेतो. ही रिंग झिजली किंवा काजळीने चिकटून बसली की ऑईल वरच राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. हे झालं पहिलं कारण.

दुसरं कारण वॉल्व्हचं सील. इंजिनच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. तिथे वॉल्व्ह असतात आणि प्रत्येक वॉल्व्हच्या दांडीवर रबराचं छोटं सील बसवलेलं असतं. वरचं ऑईल दांडीवरून आत उतरू नये म्हणून. आपल्या कुकरची रिंग जुनी झाली की कडक होते आणि वाफ सोडते ना? तसंच हे सील उष्णतेने कडक होतं आणि ऑईल थेंब थेंब आत सोडतं.

तिसरं कारण हवा सोडणारा वॉल्व्ह. त्याला गॅरेजमध्ये पीसीव्ही म्हणतात. इंजिनच्या पोटात जमणारी गरम हवा तो बाहेर काढून परत जाळायला पाठवतो. कुकरची शिट्टी तुंबली तर वाफ दुसरीकडून वाट काढते. हा वॉल्व्ह तुंबला की पोटातला दाब वाढतो आणि ऑईल सीलमधून बाहेर ढकललं जातं. आणि तो उघडाच अडकला तर ऑईलची वाफ जास्त ओढली जाते आणि जळते. बहुतेक गाड्यांत हा भाग लहान आणि स्वस्त असतो. पण आधी बघायचं सोडून तो शेवटी बघितला जातो.

याशिवाय दोन साध्या चुका असतात. एक, ऑईल खुणेच्या वर भरणं. कमी होतंय म्हणून आपण अंदाजाने जास्त ओततो, आणि जास्तीचं ऑईल पण जळतं. दुसरी, चुकीच्या नंबरचं किंवा खूप जुनं झालेलं ऑईल.

लक्षात घ्या, धूर सगळ्यांत निळाच. पण एका कारणाला वॉल्व्ह साफ करणं पुरतं आणि दुसऱ्याला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. म्हणून फक्त धूर बघून खर्च ठरवायचा नाही.

पायरी १: मोजा आणि लिहा

आपल्या पंचसूत्रीत लेखे आहेत ते उगाच नाहीत. गाडीची पण एक वही करा.

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागेवर, ऑईलचं गेज काढा. फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढून बघा. गेजवर दोन खुणा असतात. ऑईल त्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. व्हॅनमध्ये पुढचं सीट उचललं की इंजिन दिसतं. एकदा मिस्त्रींकडून गेज कुठे आहे ते बघून घ्या, मग कुणाचीही गरज नाही.

पहिल्या दिवशी वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. मग दर दोन-तीन दिवसांनी बघा. जेवढं टाकाल तेवढं मोजून टाका. ऑईलच्या बऱ्याच बाटल्यांच्या कडेला मापाच्या रेषा असतात. त्या नसतील तर वेगळं माप ठेवा, आणि ते परत स्वयंपाकघरात आणू नका.

आमच्या गटाच्या वहीत असं निघालं:

१,१८,४०० किमी: वरच्या खुणेपर्यंत भरलं
१,१८,७०० किमी: २०० मिली टाकलं
१,१८,९५० किमी: १५० मिली टाकलं
१,१९,२०० किमी: २०० मिली टाकलं
१,१९,४०० किमी: १५० मिली टाकलं

म्हणजे १,००० किलोमीटरला ७०० मिली. हे प्रमाण जास्तच आहे. किती चालतं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि ते कंपनीप्रमाणे बदलतं. पण आता आपल्याकडे "लई ऑईल खाते" याच्या जागी एक आकडा आहे.

या आकड्यावरून हिशोब करता येतो. ऑईल लिटरला ४०० रुपये धरा आणि गाडी महिन्याला १,००० किलोमीटर धरा. महिन्याचे २८० रुपये, वर्षाचे ३,३६० रुपये. म्हणजे नुसतं ऑईल वाचवायचं म्हणून २८,००० घातले तर ते फिटायला आठ वर्षांच्या वर लागतील. याचा अर्थ दुर्लक्ष करा असा नाही. धुरामुळे पीयूसीला अडचण येते, प्लग खराब होतात, सायलेन्सरमधली धूर साफ करणारी जाळी पण बिघडते. पण गेज रोज बघत राहिलं तर आज रात्रीच इंजिन उतरवायची घाई नसते. शांतपणे तपासायला वेळ मिळतो.

पायरी २: जळतं की गळतं?

ऑईल कमी होतं म्हणजे जळतंच असं नाही. रात्री गाडी लावताना इंजिनखाली मोठा पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर काळे-तपकिरी डाग दिसले तर गळती आहे. मग पॅकिंग किंवा सील कुठलं गेलं ते बघायचं. इंजिन बाहेरून ओलं, धुळीने माखलेलं असेल तरी गळतीच समजा. काही वेळा ऑईल फक्त गाडी चालू असताना गळतं, म्हणून एक दिवस इंजिन पुसून घ्या आणि फेरी मारून आल्यावर बघा. पण हात लावताना जपून, इंजिन तापलेलं असतं.

पुठ्ठा कोरडा, इंजिन कोरडं, आणि तरी ऑईल कमी, म्हणजे जळतंय.

पायरी ३: धूर कधी येतो ते लिहा

नुसता रंग बघू नका, वेळ बघा. थंडीत सकाळी पांढरी वाफ येऊन लगेच जाते, ते पाणी असतं, काळजी नाही. पांढरा धूर सतत येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंगची शंका घ्या. ते वेगळं दुखणं आहे, आणि तशी गाडी चालवू नका. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑईल.

आता निळ्या धुराची वेळ:

• रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की एकदम भपकारा, मग बंद: वॉल्व्हच्या सीलची शंका. रात्रभर थेंब थेंब आत उतरलेलं ऑईल एकदम जळतं.

• घाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर ॲक्सिलेटर दाबला की भपकारा: ही पण बहुतेक सीलचीच खूण. उतारावर पाय काढलेला असतो तेव्हा इंजिन आत जोरात ओढ घेतं आणि वरचं ऑईल ओढलं जातं.

• भरलेली गाडी चढावर असताना सतत धूर: रिंगांची शंका.

• इंजिन चालू असताना ऑईल भरायच्या तोंडातून भकाभक हवा आणि धूर: दाब खाली उतरतोय. रिंगा तरी गेल्या आहेत, नाहीतर पीसीव्ही तुंबलाय. हे मिस्त्रींकडूनच बघून घ्या, गरम ऑईल अंगावर उडतं.

एक बाई गाडी चालवेल, दुसरीने मागून दुचाकीवरून बघावं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून धूर बघत बसू नका. तो धूर विषारी असतो. आणि धूर दिसत नाही म्हणून ऑईल जळत नाही असंही नाही. सायलेन्सरमधली जाळी बराच धूर लपवते. शेवटी गेज आणि वही हेच खरं.

आता त्या ताईंच्या वाक्याचा अर्थ कळला ना? चढाला धूर नाही, उतरून आल्यावर आहे. म्हणजे रिंगांच्या आधी सीलकडे बघायला पाहिजे होतं.

पायरी ४: गॅरेजमध्ये स्वस्त तपासणी आधी

वही घेऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. या मिस्त्रींनी आधी वही वाचली. मग पुढच्या तपासण्या या क्रमाने केल्या. तुम्हीही याच क्रमाने करायला सांगा:

१. पीसीव्ही वॉल्व्ह आणि त्याची नळी. काढून साफ करा, खराब असेल तर बदला. हवेच्या फिल्टरजवळ ऑईल साचलंय का ते बघा.

२. प्लग. प्रत्येक सिलिंडरचा प्लग काढून ओळीने ठेवायला सांगा आणि स्वतः बघा. ऑईल जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग काळा, तेलकट दिसतो. एकच खराब आहे की सगळे, हे कळतं.

३. कॉम्प्रेशन टेस्ट. प्लगच्या जागी मीटर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकडे लिहून घ्या. सगळे जवळपास सारखे आणि पुस्तकात दिलेल्या मर्यादेत पाहिजेत. एखादा बराच कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून परत मोजतात. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय. नाही वाढला तर दोष वॉल्व्हकडे किंवा हेड पॅकिंगकडे.

एक गोष्ट मिस्त्रींनी मुद्दाम सांगितली. दाब चांगला असला तरी खालची ऑईलची रिंग चिकटलेली असू शकते, कारण दाब वरच्या दोन रिंगा धरतात. म्हणून एका टेस्टवर निकाल देऊ नका. वही, धुराची वेळ, प्लग आणि दाब, चारही एकत्र ठेवून बघा.

आमच्या गाडीत पीसीव्ही अर्धा तुंबला होता. तिन्ही सिलिंडरचा दाब जवळपास सारखा आणि चांगला निघाला. तीनपैकी दोन प्लग तेलकट होते. मिस्त्री म्हणाले, "आधी सीलं टाकून बघू. बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता पण ती बदलता येतात. फरक नाही पडला तर रिंगांचं बोलू." त्यांनी खात्री दिली नाही. मला तेच बरं वाटलं.

उपाय, लहान ते मोठा

दोष पीसीव्हीचा असेल तर भाग बदला, ताजं ऑईल टाका आणि परत १,००० किलोमीटर वही लिहा.

सीलचा असेल तर सीलं बदला. मजुरी मुख्य असते, सीलं महाग नसतात.

ऑईलची रिंग नुसती चिकटली असेल तर काही वेळा प्लगच्या भोकातून काजळी सुटायचं औषध सोडून ठेवतात, आणि मग दोन-तीन वेळा ऑईल लवकर बदलतात. कधी रिंग सुटते, कधी नाही. इंजिन खोलण्याआधी एकदा करून बघायला हरकत नाही, पण त्यावर फार आशा ठेवू नका.

रिंगा किंवा सिलिंडर खरंच झिजले असतील तर इंजिनचं काम करावंच लागतं. तेव्हा भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेला अंदाज मागा, निदान दोन ठिकाणी विचारा, आणि काढलेले जुने भाग परत मागा. कुणी दुसरं वापरलेलं इंजिन बसवून देतो म्हटलं तर लक्षात ठेवा, इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नवा नंबर लागतो. कागद नसलेलं इंजिन गटाच्या गाडीत नको.

हे मात्र करू नका

• जळकं ऑईल गाळून परत इंजिनात टाकू नका. पैसे वाचत नाहीत, इंजिन जातं.

• पुस्तकात नसलेलं खूप जाड ऑईल टाकून धूर दाबू नका. पुस्तकात दोन-तीन नंबर चालतात असं दिलं असेल तर त्यातलं जाड वापरायला हरकत नाही.

• ऑईलचा लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका. तो दिवा ऑईलची पातळी सांगत नाही, दाब गेल्याचं सांगतो. चालू गाडीत तो लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. तसंच "घरापर्यंत जाऊ" म्हणालात तर इंजिन जाम होऊ शकतं.

• काढलेलं जुनं ऑईल बांधावर, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून, जुनं ऑईल गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजमध्येच द्या.

शेवटी काय झालं?

पीसीव्ही, सीलं, नवं ऑईल, फिल्टर आणि मजुरी मिळून गटाचे ५,२०० रुपये गेले. पुढच्या १,००० किलोमीटरला वहीत १५० मिली निघालं. शून्य नाही. गाडी जुनी आहे, थोडं खाणारच. पुढे-मागे रिंगांचं कामही निघेल, पण तेव्हा ते वहीत आधी दिसेल आणि गट त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला ठेवतोय.

नर्सिंगच्या फीचं १५,००० चं कर्ज त्याच महिन्यात दिलं गेलं.

पहिल्या मिस्त्रींनी फसवलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी जुनी गाडी बघितली, निळा धूर बघितला, आणि नेहमीचा अंदाज सांगितला. आम्हीही त्यांना दुसरं काही सांगितलं नव्हतं. "धूर येतो" एवढंच सांगितलं तर उत्तरही तेवढंच मिळतं. किती किलोमीटरला किती मिली आणि धूर कधी, हे सांगितलं की समोरच्यालाही नीट विचार करावा लागतो. गॅरेजमध्ये आपल्याशी बोलायची पद्धतसुद्धा बदलते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या मिस्त्रींनी आमच्याबरोबर आलेल्या भाच्याशी नाही, गाडी चालवणाऱ्या ताईंशी बोलायला सुरुवात केली, कारण वही त्यांच्या हातात होती.

तर ताईंनो, ज्या गटाकडे गाडी आहे त्यांनी येत्या बैठकीत एवढं करा. एक साठ पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर, गेजची पातळी, टाकलेलं ऑईल आणि धुराची वेळ असे पाच रकाने आखा. लिहायची जबाबदारी एकीवर द्या. पुढच्या महिन्यात मी गटात येईन तेव्हा बचतीच्या वहीबरोबर ही पण वही बघणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक